छत्रीची वही : एका वसाहतीतल्या बागेचं प्रकरण

2023च्या जानेवारीत, संक्रांतीनंतरच्या रविवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास आमच्या बागेतल्या आठखांबी छत्रीखाली एका खांबाला निळे-पांढरे फुगे बांधणं चाललं होतं आणि दुसऱ्या बाजूला स्टुलावर हार घातलेला फोटो मांडला जात होता. फुगे एका वर्षाच्या मुलाच्या वाढदिवसाचे. फोटो आमच्या कॅरमवाल्या आजोबांचा. ते गेले त्याला दहा दिवस झाले होते आणि त्यांची शोकसभा होती. दोन्ही घरच्यांनी आधी विचारलं होतं. एकांनी सकाळच्या पाळीच्या वॉचमनना, दुसऱ्यांनी रात्रीच्या. दोघांनीही "घ्या ना" म्हटलं, कारण नाही म्हणायला त्यांच्याकडे काही आधारच नव्हता.

भांडण झालं नाही. आजोबांची सूनबाई पुढे झाली आणि म्हणाली, "आधी बाळाचं होऊ दे, बाबांना चाललं असतं." केक घसरगुंडीजवळच्या बाकावर कापला गेला. मुलाची आई रडत होती, तिला वाटत होतं आपल्या हातून अपशकुन झाला. शोकसभा पावणेसातला सुरू झाली, तोवर लांबून आलेली माणसं परत फिरली होती. दोन्ही घरांच्या मनात ती संध्याकाळ सलत राहिली आणि चूक कुणाचीच नव्हती. या प्रकरणाची सुरुवात तिथली आहे. पुढे ते बरंच लांबलं आणि बरंच शिकवून गेलं, म्हणून सविस्तर लिहिते आहे. इतर वसाहतींना उपयोगी पडेल असं मला मनापासून वाटतं.

आमची वसाहत म्हाडाची, पूर्व उपनगरातली. कन्नमवार नगर, टिळक नगर, नेहरू नगर, पंत नगर ज्यांनी पाहिलंय त्यांना तिचा नकाशा सांगायला नको. चार मजली जुन्या इमारती, मधे मोकळी जागा, कडेने गुलमोहर आणि बदाम. आता विकास नियंत्रण नियमावलीच्या 33(5) या कलमाखाली पुनर्विकास चालू आहे, त्यामुळे निम्म्या इमारतींच्या जागी टॉवर उभे आहेत. बागेच्या मागच्या भिंतीपलीकडे नाला आणि नाल्यापलीकडे झोपडपट्टी. या तिन्ही ठिकाणच्या माणसांना मिळून एक बाग आणि बागेत एक छत्री. पाटीवर तिला 'गझिबो' म्हटलंय, पण तो शब्द मी कुणाच्या तोंडी ऐकला नाही. आठ खांब, वर उतरतं कौलारू छप्पर, खाली कोटा लादी, कडेने बसायचा कट्टा. पन्नास माणसं दाटीवाटीने मावतात.

पन्नास माणसं मावणं ही मुंबईत काय चीज आहे, हे वन रूम किचनमध्ये आयुष्य काढलेल्यालाच कळेल. आमच्या जुन्या इमारतीत बारसं करायचं तर पलंग उभा करून जिन्यात ठेवावा लागे. हॉल घ्यायचा तर भाडं, अनामत रक्कम, साफसफाईचे वेगळे, आणि तारीख दोन महिने आधी. तीस माणसांच्या डोहाळजेवणासाठी एवढं कोण करणार? म्हणून सगळे छत्रीकडे वळतात. टॉवरवाल्यांकडे त्यांचे क्लब हाउस आहेत, पण तेही मुलांना घेऊन खाली बागेतच येतात. डिसेंबर 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोहिनूर या बांधकाम कंपनीच्या प्रकरणात, मनोरंजनाची किमान मोकळी जागा जमिनीवरच हवी, पोडियमवर म्हणजे इमारतीच्या खालच्या मजल्यांवरच्या गच्चीवर नको, असा निकाल दिला होता. त्यामागचं कारण आमच्या बागेत रोज संध्याकाळी दिसतं. मातीवर पाय टेकल्याशिवाय मूल खेळत नाही.

शोकसभेच्या पुढच्या शनिवारी महिला मंडळाचं हळदीकुंकू होतं. भाड्याचा स्पीकर आणला होता. उखाणे रंगले, मग गाणी लागली. समोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर एक मुलगी दहावीच्या पूर्वपरीक्षेचा अभ्यास करत होती. तिच्या वडिलांनी दोनदा खाली येऊन आवाज कमी करायला सांगितलं. तिसऱ्यांदा पोलिसांना फोन केला. पोलीस आले, शांतपणे म्हणाले की स्पीकरची लेखी परवानगी दाखवा. ती नव्हती. बायका ताटं उचलून निघाल्या. दोन दिवसांनी छत्रीच्या पायऱ्यांवर साखळी आली आणि 'येथे कार्यक्रम करण्यास सक्त मनाई आहे' अशी पाटी लागली.

ती साखळी अडीच महिने होती. तिचा त्रास हळदीकुंकू करणाऱ्यांना झाला नाही, त्यांनी पुढचा कार्यक्रम एकीच्या घरी केला. त्रास झाला तो ज्यांनी कधी कुठलाही कार्यक्रम केला नव्हता त्यांना. हे माझ्या लक्षात मार्चमधल्या एका दुपारी आलं. आमच्याकडे काम करणाऱ्या ताई बागेच्या भिंतीला टेकून, उन्हात, डोक्यावर पदर घेऊन डबा खात होत्या. मी विचारलं, "छत्रीत का नाही बसलात?" त्या म्हणाल्या, "बंद केलीय ना. आमच्यामुळं काय झालं व्हतं का?"

एरवी असं काही अडलं की लोक नगरसेवकाच्या कार्यालयात जातात आणि तोंडी का होईना, तोडगा निघतो. पण मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली होती, निवडणूक झाली नव्हती, त्यामुळे त्या काळात नगरसेवकच नव्हते. मग आम्ही सात-आठ जण विभाग कार्यालयात गेलो. तिथे आमचं ऐकून घेतलं गेलं. मी माहिती अधिकाराखाली 10 रुपये भरून अर्जही केला की या छत्रीच्या आरक्षणाचे काही नियम आहेत का. तीस दिवसांच्या आत उत्तर आलं : छत्री उद्यानाचा भाग आहे, तिचं वेगळं आरक्षण होत नाही. हे एका ओळीचं उत्तर मला फार मोलाचं वाटलं. याचा अर्थ ती कुणालाच 'मिळू' शकत नव्हती आणि कुणालाच नाकारताही येत नव्हती. जे करायचं ते आपसांतल्या समजुतीने, उद्यानाच्या माणसांना सांगून करायचं. मांडव, विक्री, जेवणावळ किंवा स्पीकर असेल तर मात्र रीतसर परवानगी काढायची, त्याला पर्याय नाही.

आवाजाबद्दलचे नियम इथेच सांगते, कारण पुढे नियम ठरवायला झालेल्या बैठकीत अर्धा वेळ त्यातच गेला. ध्वनिप्रदूषण नियम 2000 सालचे आहेत. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. निवासी भागात दिवसा 55 डेसिबल आणि रात्री 45, ही मर्यादा. सार्वजनिक जागेत ध्वनिक्षेपक लावायचा तर लेखी परवानगी हवी, मग कार्यक्रम दुपारी बाराचा का असेना. 'दहाच्या आत काहीही चालतं' हा समज आमच्याकडे इतका पक्का होता की महिला मंडळाच्या अध्यक्षांना नियम छापून दाखवावा लागला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि त्या मुलीच्या वडिलांना जाऊन भेटल्या. त्या भेटीत काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही, पण पुढच्या वर्षीच्या हळदीकुंकवाला त्या मुलीची आई आली होती.

एप्रिलमध्ये साखळी निघाली. लगेच नियम करायला बसावं असं अनेकांचं म्हणणं होतं. मी शाळेत शिक्षिका होते, हजेरीपटाशिवाय वर्गाबद्दल बोलायचं नाही ही माझी जुनी सवय. मी म्हटलं, आधी आठवडाभर नुसतं पाहू. आम्ही चौघींनी पाळ्या लावल्या आणि सकाळी फाटक उघडल्यापासून रात्री बंद होईपर्यंत, छत्रीखाली कोण आहे हे दर अर्ध्या तासाने लिहीत गेलो.

सकाळी सहाला योगवर्ग. सात वाजता हास्यक्लब, त्यांचं हसणं टॉवरच्या आठव्या मजल्यापर्यंत जातं. साडेसातनंतर चार आज्या येतात, त्या स्तोत्र म्हणतात आणि मग भाज्यांच्या भावावर बोलतात. नऊनंतर तान्ही मुलं घेऊन आलेल्या बाया. बारा वाजल्यापासून चित्र पूर्ण बदलतं. एक काम आटोपून दुसऱ्या कामाला जायच्या आधी मधला तास काढणाऱ्या घरकामवाल्या ताई. टॉवरचे सुरक्षारक्षक, डोक्याखाली टोपी घेऊन आडवे झालेले. डिलिव्हरीची पोरं, हेल्मेट कट्ट्यावर आणि नजर फोनवर. एका दुपारी एक बाई लादीवर चवड्यावर बसून डबा उघडत होती. भाकरी, सुकी मेथी आणि कागदाच्या पुडीत मीठ. तिने अर्धी भाकरी शेजारच्या अनोळखी मुलापुढे धरली. त्याने ती हेल्मेटच्या झाकणावर ठेवून खाल्ली. हे मी माझ्या वहीत कुठल्या रकान्यात लिहू ते मला कळेना.

चारला शाळेच्या बसची वाट बघणाऱ्या आया. पाचनंतर म्हातारे आणि मुलं, सतत एकमेकांच्या वाटेत. गुरुवारी भजनी मंडळ, फक्त टाळ आणि पेटी. आणि साडेसातनंतर कट्ट्याच्या नाल्याकडच्या बाजूला, दिव्याच्या बरोबर खाली, पोलीस भरतीची आणि बारावीनंतरच्या परीक्षांची तयारी करणारी मुलं. ती मुलं नाल्यापलीकडची. घरात दिवा असतो, पण बसायला कोपरा नसतो.

सात दिवसांची बेरीज केली तेव्हा 'कार्यक्रम' म्हणता येईल असा वापर सगळा मिळून पाच तासांचा भरला. भांडण त्या पाच तासांचं होतं आणि साखळी बाकी सगळ्यांना लागली होती. माझ्या दृष्टीने या प्रकरणाचं मर्म हेच आहे. ज्यांचा गट आहे, त्यांना नाव आहे. ते अर्ज करतात, तारीख मागतात. दुपारी भाकरी खाणाऱ्या बाईचा गट नाही. आरक्षणाची पद्धत आणली तर ती आपोआप नाववाल्यांच्या बाजूने झुकणार. म्हणून रिकामा वेळ आधी राखायचा आणि उरेल तो वाटायचा, असं मी बैठकीत मांडलं.

शिवाजी पार्कचं उदाहरण दिलं. 2010 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते शांतता क्षेत्र मानलं आणि पुढे खेळाव्यतिरिक्तच्या कार्यक्रमांसाठी वर्षाचे 45 दिवस ठरले. त्या दिवसांवरून ओढाताण होतेच, 2022 च्या दसरा मेळाव्याचा निर्णय थेट उच्च न्यायालयात लागला. पण उरलेले दिवस खेळणाऱ्यांचे, हे कुठल्याही पोराला सिद्ध करून दाखवावं लागत नाही. तिथे दिवस मोजले, आपण तास मोजू.

असं ठरत ठरत वही आली. लाल कापडी बांधणीचं लांबट रजिस्टर, वॉचमनच्या केबिनमध्ये सुतळीने खिळ्याला बांधलेलं, पेनसुद्धा सुतळीलाच. तारीख, वेळ, काय आहे, माणसं किती, सही. दर महिन्याच्या 1 तारखेला त्या महिन्याचं पान उघडायचं. एका नोंदीला दोन तास, एका गटाला महिन्यातून दोनदा. दुपारी बारा ते चार आणि मंगळवार-शुक्रवारची संध्याकाळ यावर आधीच लाल रेघ मारलेली, तिथे कुणाचंही नाव लिहायचं नाही. मार्च महिन्यात संध्याकाळी कार्यक्रम नाही, कारण परीक्षा. शोकसभेला कधीही अग्रक्रम, आधीची नोंद असली तरी. मरण महिनाभर आधी कळवून येत नाही. हा नियम त्या वाढदिवसाच्या मुलाच्या वडिलांनी सुचवला.

शेवटचा रकाना 'नंतर' असा आहे. कार्यक्रम झाल्यावर जागा कशी सोडली ते ज्याने घेतली त्यानेच लिहायचं. याला विरोध झाला, "आम्ही काय शाळेतली मुलं आहोत का?" असं विचारलं गेलं. पण सहा महिन्यांत तो रकाना सगळ्यांच्या आवडीचा झाला. त्यात लिहिलेलं असतं : 'मेणाचे दोन डाग पडले, सुरीने काढले.' 'रांगोळी पुसली नाही, माळीदादा म्हणाले राहू द्या.' 'एक खुर्ची मोडकी होती, आम्ही मोडली नाही.' 'फुगे मुलांना वाटले.'

पैशांवरून मोठा वाद झाला. नोंदीमागे दोनशे रुपये घ्यावेत, झाडलोट करणाऱ्याला द्यावेत, असा प्रस्ताव होता. हेतू चांगला होता. मी आणि आणखी तिघांनी तो ठामपणे नाकारला. पैसे घेतले की पावती द्यावी लागते, आणि सार्वजनिक जागेची पावती फाडायचा अधिकार आपल्याला कुणी दिलेला नाही. दुसरं म्हणजे, दोनशे रुपये दिलेला माणूस दोन तासांचा मालक होतो. कट्ट्यावर आधीच बसलेल्या पोराला तो "ऊठ" म्हणतो. न दिलेला माणूस "जरा सरकतोस का?" म्हणतो. आम्ही केराची बादली आणि दोन झाडू घेऊन केबिनमागे ठेवले आणि तो विषय तिथे संपवला.

योगवर्गाचं प्रकरण मात्र नीट मिटलं नाही, हे प्रामाणिकपणे लिहायला हवं. पंधरा वर्षं ते छत्रीखाली भरत होते, चटयांची पत्र्याची पेटी कुलूप लावून खांबाशी असायची. वहीत दर महिन्याला नाव लिहायचं, हे त्यांना अपमानासारखं वाटलं. आम्ही म्हटलं, रोज सकाळची वेळ तुमचीच राहील, महिन्यातून दोनदाचा नियम तुम्हाला नाही, फक्त नोंद करा आणि पेटी केबिनमध्ये ठेवा. त्यांनी केलं, पण वर्ग सुरू करणारे काका यायचे थांबले. मी दोनदा त्यांच्या घरी गेले. चहा दिला, चांगलं बोलले, आले नाहीत. ज्या माणसाने कुणी विचारत नव्हतं तेव्हा छत्री स्वतः झाडली, त्याला इतरांच्या रांगेत उभं करताना आमची सांगायची पद्धत चुकली. आधी त्यांच्याकडे जायला हवं होतं, बैठक नंतर घ्यायला हवी होती.

दुसरी चूक याहून मोठी. तीन महिन्यांनी वही चाळली तर नाल्यापलीकडची एकही नोंद नव्हती. त्यांची बारशी, हळदी थांबल्या होत्या असं थोडंच आहे? चौकशी केली तेव्हा कळलं, तिकडून कुणी विचारायला आलं की वॉचमनकाका भाबडेपणाने सांगत, "ती सोसायटीवाल्यांची वही आहे." आम्ही त्यांना कधी नीट समजावलंच नव्हतं. टॉवरमधल्या तरुणांनी तर सगळं व्हॉट्सॲपवर घ्यावं असं सुचवलं होतं. मुलं हुशार आहेत, मदतीला तयार असतात. पण ग्रुपवर घेतलं असतं तर ही चूक दिसलीसुद्धा नसती, कारण ग्रुपवर नसलेला माणूस ग्रुपला दिसत नाही. वही फाटकात असते, येणाजाणाऱ्याला दिसते, आणि तिच्यात कोण नाही हेही दिसतं.

केबिनच्या खिडकीवर ठसठशीत अक्षरात कागद लावला : 'ही वही बागेत येणाऱ्या सगळ्यांची आहे. लिहिता येत नसेल तर आम्ही लिहून देऊ.' नऊ दिवसांनी भिंतीला टेकून डबा खाणाऱ्या त्याच ताई मला हाताला धरून केबिनशी घेऊन गेल्या. भाचीचं डोहाळजेवण होतं. "तुमीच लिवा," म्हणाल्या. मी पेन त्यांच्या हातात दिलं. त्यांनी तारीख मला विचारून लिहिली, 'डोहाळजेवन' स्वतःच्या मनाने लिहिलं आणि माणसांच्या रकान्यात 40 लिहून खोडून 60 केलं. मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "येतीलच ना समदी." त्या दिवशी छत्री आणि शेजारचं गवत, दोन्ही भरलं होतं. 'नंतर'च्या रकान्यात लिहिलंय : 'झाडलं. पानी मारलं.'

पावसाळ्याचा विचार आम्ही केलाच नव्हता. जूनच्या पहिल्या मोठ्या सरीला एका वाढदिवसाची नोंद होती आणि बागेतली सगळी माणसं छत्रीत शिरली. कुणाला बाहेर काढणार? तेव्हापासून जून ते सप्टेंबरच्या पानांवर वरतीच लिहिलेलं असतं, 'पाऊस आला तर नोंद रद्द, छत्री सगळ्यांची.' आजवर यावर कुणी तक्रार केलेली नाही. भिजलेला माणूस आत येताना सगळे आपोआप सरकतात.

आता पहिली वही संपून दुसरी चालू आहे. बागेच्या नूतनीकरणाचा आराखडा निघाला आहे, त्यात छत्रीला चारही बाजूंनी ग्रिल आणि कुलपाचं फाटक दाखवलं आहे. जागा सुरक्षित राहावी, हाच त्यामागचा विचार असणार. आम्ही पत्र दिलं आहे. सोबत पहिल्या वहीतल्या 'नंतर'च्या रकान्याच्या सगळ्या पानांची झेरॉक्स जोडली आहे आणि त्या आठवड्याची अर्ध्या-अर्ध्या तासाची नोंदही. मागण्या तीनच आहेत. नाल्याकडच्या बाजूचा दिवा बाग बंद होईपर्यंत चालू राहावा. पिण्याच्या पाण्याचा नळ छत्रीपासून हाताच्या अंतरावर असावा. आणि पायऱ्यांना फाटक नको. हे शेवटचं पत्राच्या पहिल्याच ओळीत लिहिलं आहे, खाली ज्यांनी वहीत कधी ना कधी सही केली त्या सगळ्यांच्या सह्या आहेत, आणि दुपारी बसणाऱ्या अकरा जणींच्या, ज्यांनी वहीत कधीच केली नव्हती.